कांकणांची घंटा

श्रोतेहो, ज्या घरातून तिरडी निघते त्या घरातल्या बाईने, ही तिरडी का निघाली, असे राजाला विचारावे की विचारू नये?

एका राज्यात विचारण्याची रीत होती. त्या राज्याच्या पूर्वेला काळा माळ पसरला होता आणि माळापलीकडे दुसरे राज्य होते. सभामंडपाच्या मध्यभागी एक चौकोनी शिळा होती; तिला मातृशिला म्हणत. युद्धाचा विडा तबकात ठेवण्यापूर्वी राज्यातल्या कोणत्याही स्त्रीने त्या शिलेवर उभे राहावे आणि युद्ध हवे की नको ते सांगावे, असा पूर्वजांचा नियम होता. बोलणारी राणी असो की मोळीविकी, ती बोलत असताना राजाने आसन सोडून उभे राहावे, असाही नियम होता. स्त्रिया नेहमी शांतताच मागत असे नाही. कधी त्यांनी युद्धही मागितले होते. पण जे झाले ते त्यांचे ऐकून झाले, म्हणून त्या राज्यातल्या विधवा रडत, पण आपली फसवणूक झाली असे म्हणत नसत.

पुढे राजा भद्रसेन गादीवर आला आणि चंडकेतू त्याचा प्रधान झाला. चंडकेतू विद्वान होता, मितभाषी होता, मंत्रविद्या जाणत होता. तरुणपणी त्याने स्मशानात बसून वेताळाला प्रसन्न केले होते आणि वर मागून घेतला होता की, युद्ध चालू असेल तोवर जरेने, म्हणजे म्हातारपणाने, आपल्याला शिवू नये. वेताळाने वर दिला. तेव्हापासून चंडकेतूला एकाच गोष्टीचे भय उरले. ते भय तहाचे होते, आणि तह मातृशिलेवरून येत असे.

माळापलीकडच्या राज्याशी पाण्यावरून तंटा उभा राहिला, तेव्हा त्याने दवंडी पिटवली. 'सभामंडपात देवीला घंटा वाहायची आहे. प्रत्येक स्त्रीने हातातले रुप्याचे एक कांकण द्यावे आणि देताना आपल्या माणसाचे नाव घ्यावे. ज्याचे नाव घेतले जाईल तो रणातून सुखरूप परत येईल.'

स्त्रियांनी कांकणे दिली. कोणी नवऱ्याचे नाव घेतले, कोणी मुलाचे, कोणी भावाचे. राणी सुवर्चला हिनेही आपल्या थोरल्या मुलाचे नाव घेऊन कांकण दिले. देवीचे नाव निघाले, एवढे त्यांना पुरे होते. घंटा ओतताना कोणता मंत्र म्हटला गेला, कोणी म्हटला, मूस कोणत्या जागी तापवली, हे एकीनेही विचारले नाही. देवकार्यात प्रश्न विचारणे त्या राज्यात अशुभ मानत. ही त्यांची चूक झाली. भक्ती खरी असली तरी तिने डोळे मिटून चालावे, अशी देवाची आज्ञा नाही.

घंटा मातृशिलेच्या बरोबर वर टांगली गेली. त्या दिवसापासून स्त्री शिलेवर उभी राहून बोलू लागली की पुरुषांना तिचा शब्द ऐकू येईना. त्यांना घंटा ऐकू येई. घंटा हलत नसे, तरी वाजे. मंजुळ वाजे, आणि स्त्री जितकी कळवळून बोले तितकी मोठ्याने वाजे. स्त्रियांच्या कानी मात्र तो नाद कधीच पडत नसे.

पुरुषांनी हात जोडले. देवीने कौल दिला, असे ते म्हणाले, आणि युद्धाचा विडा उचलला.

घरी बायका म्हणत, 'आम्ही नको म्हटले होते.' पुरुष म्हणत, 'घंटा वाजली होती.' बायकांना वाटे, पुरुष खोटे बोलतात. पुरुषांना वाटे, चुलीपाशी बाई बोलते ती भीतीने आणि शिलेवर बोलते ती देवीच्या प्रेरणेने. घरोघरी अबोला शिरला. युद्ध वर्षानुवर्षे चालले. चंडकेतूचा एक केसही पांढरा झाला नाही.

राणी सुवर्चला माळापलीकडच्या राजाची बहीण होती. एका जुन्या तहाची खूण म्हणून ती या राज्यात सून होऊन आली होती. तिचा थोरला मुलगा सुदक्ष काळ्या माळावर पडला होता आणि त्याचे प्रेत हाती लागले नव्हते. धाकटा अरिंजय आता वयात आला. विजयादशमीला नवी मोहीम निघणार होती. अरिंजयाने भर दरबारात जाहीर केले होते की यंदा आघाडीला आपण जाणार.

नवरात्र बसण्यापूर्वीच्या सभेत सुवर्चला शिलेवर चढली. राजा भद्रसेन रीतीप्रमाणे आसन सोडून उभा राहिला आणि त्याने मान लववली.

ती म्हणाली, "महाराज, एक मुलगा मी दिला. त्याचे हाडही परत आले नाही. हा दुसरा मी देणार नाही. ज्या पाण्यासाठी हे युद्ध सुरू झाले ते पाणी आटून गेले आहे. माझ्या भावाकडे दूत पाठवा. मी पदर पसरते."

तिने खरोखर पदर पसरला. राजाच्या डोळ्यांत पाणी आले. सभा भारावून गेली. मग राजा हात जोडून म्हणाला,

"महाराणी, आपण धन्य आहात. घंटा इतकी स्पष्ट आजवर कधी वाजली नव्हती. स्वतःच्या मुलाला देवीपुढे अर्पण करताना आपला हातही कापला नाही."

सुवर्चला त्याच्याकडे पाहत राहिली. तिचा पदर अजून पसरलेलाच होता.

सभा उठली, मंडप रिकामा झाला, तरी ती शिलेवरून उतरली नाही. वर तुळईवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "छान बोललीस, राणी. युद्ध पक्के झाले."

पक्षी बोलला याचे सुवर्चलेला नवल वाटले नाही; तो जे बोलला त्याचे वाटले.

"मी युद्ध नको म्हणाले."

"ते मी ऐकले. महाराजांनी नाही ऐकले."

"ते समोर उभे होते."

"उभे होते आणि घंटा ऐकत होते. तुम्ही बायका इथे रडता आणि त्यांच्या कानात देवळातली आरती चालते. माझ्या पिल्लांना भर दुपारी झोप लागत नाही."

"म्हणजे पुरुष म्हणतात ते खरे आहे?"

"खरे आहे. तुम्ही म्हणता तेही खरे आहे. दोन्हीकडची माणसे खरे बोलून मरत आहेत. चंडकेतूला खोटे बोलण्याची तसदीही पडत नाही."

"तुला दोन्ही कसे ऐकू येते?"

"माझ्या पायात बसेल असे कांकण कोणी घडवलेच नाही, मग मी देणार काय? आणि पुरुष तर मी नव्हेच." साळुंकीने चोच तुळईवर घासली. "आता शिलेवर एकीनेही चढू नका. चढाल तितकी मढी वाढतील. ज्या बाईला हे मोडायचे असेल तिने माळाच्या तोंडाशी जावे. तिथे ओसाड देवळात जोगीण बसते."

सुवर्चला राजाला म्हणाली, "नवरात्रात मी देवीच्या कामाला जाते." ते असत्य नव्हते. राजाने आनंदाने निरोप दिला.

देवळात जोगीण दिव्यापाशी बसली होती. राणी आत येताच प्रथम जोगिणीची सावली उठून उभी राहिली आणि मग जोगीण उठली.

"घंटा फोडायची आहे," सुवर्चला म्हणाली. "हातोड्याने फुटेल का?"

"फुटेल. मग तिचे तुकडे वाजतील. आज एका मंडपात वाजते, उद्या तुकडा जिथे पडेल तिथे वाजेल."

"मग कशाने?"

"कांकण देताना तू कोणाचे नाव घेतलेस?"

"माझ्या मुलाचे."

"प्रत्येकीने आपल्याच माणसाचे घेतले. दुसरीच्या माणसाचे एकीनेही घेतले नाही. मंत्राची गाठ त्यावरच मारली आहे. तीन गोष्टी कर. तुझ्या राज्यातली एक स्त्री आण, जिला युद्ध हवे आहे. माळापलीकडची एक स्त्री आण, जिच्या मुलाला तुझ्या मुलाने मारले. मग विजयादशमीला तिघी एकीमागून एक शिलेवर उभ्या राहा, आणि आपल्या माणसासाठी कोणीही एक शब्द बोलू नका. तू अरिंजयाचे नाव उच्चारलेस, तर ती घंटा कोणाच्याच हातून कधी फुटणार नाही."

"जिला युद्ध हवे ती कशाला?"

"घंटेत तिचेही कांकण आहे," जोगीण म्हणाली, आणि दिव्यात तेल घालू लागली. तिची सावली आधीच खाली बसली होती.

युद्ध मागणारी स्त्री शोधावी लागली नाही. सेनापतीची विधवा धारिणी सर्वांना ठाऊक होती. तिचा नवरा आणि तिचे भाऊ एकाच लढाईत पडले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक सभेत ती शिलेवर चढून शत्रूचा निर्वंश मागत असे. सुवर्चला गेली तेव्हा ती अंगणात बसून नवऱ्याच्या तलवारीला तेल लावत होती.

"या, माळापलीकडच्या बाई," धारिणी म्हणाली. उठली नाही. "भावासाठी रदबदली करायला आलात?"

"तुला सभेत न्यायला आले."

"मी येईन ती युद्ध मागायला."

"माग. पण तुझे मागणे ऐकू गेले पाहिजे."

"ऐकू जाते की. युद्ध होतेच आहे."

"तुझ्या सांगण्याने होत नाही, धारिणी. तू शिलेवर उभी राहून ओव्या म्हटल्या असत्या तरी झाले असते. तू युद्ध नको म्हणाली असतीस तरी झाले असते. त्यांना फक्त घंटा ऐकू येते." आणि तिने साळुंकीचे म्हणणे सांगितले.

धारिणीने तेलाचा बोळा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षे मी घसा फोडला तो फुकट?"

"फुकट."

"प्रधानजी मला दर सभेनंतर साडीचोळी पाठवतात. म्हणतात, तुमच्यासारखी वीरपत्नी नाही." तिने तलवार म्यानात घातली. "माझे म्हणणे मी बदलणार नाही, राणीसाहेब. पण ते माझ्याच तोंडून त्यांच्या कानी गेले पाहिजे. चला."

दोघी काळ्या माळावर उतरल्या. माळ मोठा होता. शिरस्त्राणांत पाखरांनी घरटी केली होती आणि गवत बरगड्यांमधून वर आले होते. सूर्य मावळतीला टेकला की त्या माळावर मेलेले बोलत. ते कोणाला त्रास देत नसत. जाणाऱ्या येणाऱ्याला एवढेच विचारत, "निकाल काय लागला?" दोन्ही राज्यांचे मेलेले सारखेच विचारत, आणि उत्तर खरे द्यावे लागे.

"निकाल लागलेला नाही," सुवर्चला चालता चालता सांगत होती. ऐकल्यावर ते गप्प होत.

एका बाभळीखालून विचारणा आली, तेव्हा तिचे पाऊल थांबले. तो आवाज सुदक्षाचा होता.

"निकाल काय लागला?"

"सुदक्षा, मी आहे."

"निकाल काय लागला?" त्याने पुन्हा त्याच स्वरात विचारले. त्याने तिला ओळखले नाही.

"लागलेला नाही, बाळा."

तो गप्प झाला. सुवर्चला तिथे बसली असती, पण धारिणीने तिला दंडाला धरून उठवले आणि ओढत पुढे नेले. पुढच्या वाटेत धारिणीनेही कोणाचा तरी आवाज ऐकला असावा. तिची चाल मंदावली.

माळापलीकडच्या पहिल्या वाडीत विचारत गेल्यावर कपिला नावाच्या धनगरणीचे घर सापडले. तिचा थोरला मुलगा सुदक्षाच्या भाल्याने मेला होता; बरोबरच्यांनी ढालीवरच्या चिन्हावरून मारणारा ओळखला होता. धाकट्या भीमकाला तिथल्या राजाच्या माणसांनी नुकतेच सैन्यात नेले होते. कपिला शेळीचे दूध काढत होती. तिने मान वर केली आणि राणीला ओळखले.

"आमच्या राजाची बहीण. माहेरी आलीस ती रिकाम्या हाताने?"

"तुझ्या मुलाला माझ्या मुलाने मारले," सुवर्चला म्हणाली.

"ठाऊक आहे. तुझाही कोणीतरी मारला, तेव्हा मी गावात गूळ वाटला. मग घरी येऊन जेवले नाही. का जेवले नाही ते मला अजून कळलेले नाही." तिने शेळीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडली. "काय हवे?"

सुवर्चलेने सर्व सांगितले. कपिलेने ऐकून घेतले.

"तुमच्याकडे शिळा तरी आहे. आमच्याकडे बायकांना कोणी विचारतच नाही. तुमच्याकडे विचारतात आणि ऐकत नाहीत. फरक तेवढाच." तिने दुधाचे भांडे उचलले. "मी तिथे आले तर तुझे लोक मला मारतील."

"मारतील, किंवा मारणार नाहीत. मी वचन देऊ शकत नाही."

"दिले असतेस तर आले नसते," कपिला म्हणाली. "तुझ्या जिवंत मुलाचे नाव काय?"

"अरिंजय. तुझ्या?"

"भीमक. एका पायाने अधू आहे. तरी नेला."

तिने शेळ्या शेजारणीच्या स्वाधीन केल्या आणि घोंगडी खांद्यावर टाकली.

विजयादशमीच्या सकाळी तिघी नगराच्या वेशीशी पोचल्या. वेशीबाहेर सैन्य सजून उभे होते. सभेत कौल घेऊन मगच सैन्याने सीमा ओलांडायची, पण आघाडीची तुकडी वाटेची टेहळणी करण्यासाठी आधी पाठवण्याची प्रथा होती. त्या तुकडीच्या घोड्यांवर खोगिरे चढत होती. वेशीच्या कमानीखाली चंडकेतू एकटा उभा होता. त्याला सर्व कळले होते. वेताळाने सांगितले होते.

"महाराणी," तो नमस्कार करून म्हणाला, "ते पाहा, युवराज. आघाडीला जाण्याचा हट्ट धरून बसले आहेत. मी शब्द टाकला तर महाराज त्यांना नगररक्षणासाठी मागे ठेवतील. ते वाचतील. आपण महालात जाऊन विश्रांती घ्या. सभेत येऊ नका. मला आणखी काही नको."

सुवर्चलेने पाहिले. अरिंजय घोड्याचा तंग आवळत होता. त्याने आईला पाहिले, हात वर केला आणि हसला. त्याच्या ओठांवर अजून मिसरूड दाट झाली नव्हती.

'बरे' हा शब्द तिच्या ओठापर्यंत आला. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या आईच्या ओठापर्यंत तो आला नसता तिच्याविषयी कथा सांगण्यासारखे काही नसते. धारिणी जमिनीकडे पाहत होती. कपिला कोठेच पाहत नव्हती.

"आणि हिचा मुलगा?" सुवर्चलेने विचारले.

"तो शत्रूचा शिपाई. त्याची काळजी शत्रूने वाहावी."

"प्रधानजी, बाजूला व्हा. मला सभेत जायचे आहे."

"जशी आज्ञा," चंडकेतू म्हणाला. त्याने हात उंचावला. शिंग फुंकले गेले आणि आघाडीची तुकडी माळाच्या दिशेने निघाली. अरिंजय सर्वांच्या पुढे होता. धूळ खाली बसेपर्यंत सुवर्चला तिथे उभी राहिली, मग वेशीतून आत गेली.

सभा भरली होती. मंडपाच्या कडेने नगरातल्या स्त्रिया दाटीने उभ्या होत्या; राणीने निरोप पाठवल्याप्रमाणे त्यांच्यापैकी एकीनेही तोंड उघडले नव्हते. चंडकेतू राजाच्या उजव्या हाताला येऊन बसला. सुवर्चला शिलेवर चढली. राजा उठून उभा राहिला.

ती म्हणाली, "माळापलीकडे भीमक नावाचा मुलगा आहे. तो शेळ्या राखतो. एका पायाने अधू आहे, तरी त्याच्या हाती भाला दिला आहे. त्याच्या भावाला माझ्या मुलाने मारले."

त्याच वेळी दूर माळावरून शिंगाचा आवाज आला. आघाडीची गाठ कोणाशी तरी पडली होती. अरिंजयाचे नाव सुवर्चलेच्या जिभेवर आले. तिने डोळे मिटले, देवीचे स्मरण केले आणि वाक्य पुरे केले.

"भीमक मरू नये. माझी एवढीच मागणी आहे."

ती खाली उतरली. घंटा वाजली होती. पण मंजुळ वाजली नव्हती, फुटक्या भांड्यासारखी वाजली होती. पुरुषांनी प्रथमच माना वर करून तिच्याकडे पाहिले.

कपिला शिलेवर चढली. सभेत कुजबूज झाली; तिच्या घोंगडीवरून ती कुठली ते कळत होते. ती म्हणाली, "मी तुमच्या शत्रूकडची आहे. इथे उभे राहण्याचा मला हक्क नाही, म्हणून थोडक्यात बोलते. अरिंजय नावाचा मुलगा आत्ता माळावर गेला. वेशीत मी त्याला पाहिले. तो आईकडे पाहून हसला. त्याला परत बोलवा."

या वेळी घंटा वाजलीच नाही. पुरुषांना काही ऐकू आले नाही. ओठ हलताना दिसले आणि मंडपात शांतता पसरली. चंडकेतू आसनावरून उठला. "महाराज, कौल झाला आहे. विडा मागवावा."

"आणखी एक स्त्री उभी आहे, प्रधानजी," राजा म्हणाला. "नियम नियम आहे."

धारिणी शिलेवर उभी होती. तिला पाहून सैनिकांना बरे वाटले. ती काय मागणार ते सर्वांना माहीत आहे असे त्यांना वाटत होते. ती सावकाश म्हणाली,

"मला युद्ध हवे आहे. ते का हवे, हे सांगण्याची मला मनाई आहे, कारण ते कारण माझे स्वतःचे आहे. म्हणून दुसऱ्या कोणासाठी ते मागावे, याचा मी वाटभर विचार करत आले. माळ ओलांडला, परत आले. असे एकही माणूस मला आठवले नाही."

हे सर्वांनी ऐकले. प्रत्येक शब्द ऐकला. आणि घंटा वरच्या वर तडकली.

तिचे तुकडे शिलेवर पडले, आणि त्यांतून आजवर तिच्याखाली बोललेला एकूण एक शब्द बाहेर आला, ज्या क्रमाने बोलला गेला त्याच क्रमाने, जिने उच्चारला तिच्याच आवाजात. कोणी आपल्या आईचा आवाज ओळखला, कोणी बायकोचा. काही आवाज अशा स्त्रियांचे होते ज्या आता जिवंत नव्हत्या. त्यांची पांढऱ्या दाढीची मुले तिथे उभी होती. 'नको' म्हणणारे आवाज होते. 'हवे' म्हणणारेही होते, थोडे होते. शेवटाकडे सुवर्चलेचा आवाज आला: 'हा दुसरा मी देणार नाही,' आणि अगदी शेवटी कपिलेचा: 'त्याला परत बोलवा.' राजा भद्रसेनाने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"मी उभा होतो," तो म्हणाला. "दर वेळी मी उभा राहिलो."

त्याने त्याच क्षणी स्वार पाठवले. तह मागण्यासाठी दूत पाठवला. तहाची दवंडी पहिल्या चौकात पिटली गेली, त्याच वेळी वेताळाचा वर सरला. चंडकेतूच्या पाठीला बाक आला, दात गळले, कातडी हाडांवरून लोंबू लागली. इतक्या वर्षांची जरा त्याच्यावर एकदम येऊन बसली. तो पळूही शकला नाही.

स्वार माळावर पोचले तेव्हा चकमक थांबली होती. भीमक दुसऱ्या बाजूला जिवंत उभा होता. अरिंजयाच्या कंठात बाण लागला होता. तो नक्की कोणत्या क्षणी लागला, राणी शिलेवर चढण्याआधी की नंतर, हे कोणाला सांगता आले नाही.

त्याला ढालीवर निजवून आणले. सुवर्चला त्याच्या उशाशी बसली. चंडकेतूला बेड्या घालून त्याच वाटेने नेत होते. तो बोबड्या तोंडाने म्हणाला, "एका शब्दाचे काम होते, महाराणी."

"एकाच मुलाचे काम नव्हते, प्रधानजी," ती म्हणाली, आणि अरिंजयाच्या केसांतली माती काढत राहिली.

तह झाला. माळाच्या दोन्ही बाजूंना मातृशिला बसल्या. शिलेवर कोणतीही वस्तू टांगू नये, असा नवा नियम झाला, आणि देवकार्यात प्रश्न विचारणे शुभ मानावे, असाही. सुतक फिटल्यावर चंडकेतूच्या न्यायासाठी सभा बसली, आणि राजाने प्रथम स्त्रियांना बोलण्यास सांगितले.

त्यांचे एकमत नव्हते. एक म्हातारी म्हणाली, त्याला कड्यावरून लोटावे. धारिणी म्हणाली, तलवार माझ्याकडे द्यावी. एका तरुण विधवेने तिला थांबवले: "मारून टाकला तर तो मोकळा होतो आणि आपण तशाच राहतो." पुष्कळ वादावादी झाली. राजाने ती सगळी उभ्याने ऐकली. सुवर्चलेने शिक्षा सुचवली नाही. जिचे सुतक आत्ताच फिटले तिने शिक्षा सांगू नये, असे ती म्हणाली. अखेर कपिला उठली.

"माझ्या मुलाची हाडे माळावर आहेत," ती म्हणाली. "तुमच्याही मुलांची आहेत. ती याने वेचावीत. स्वतःच्या हाताने, एकेकाची वेगळी. प्रत्येकाचे नाव शोधून काढावे, आणि पाठीवर घेऊन त्याच्या दारी पोचवावे, या राज्यात आणि त्या राज्यात. घरातली बाई विचारील तेवढ्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ती 'जा' म्हणेपर्यंत दारातून हलू नये."

सभेने हे मान्य केले.

चंडकेतू माळावर गेला. ज्याची हाडे घरी पोचत त्याचा आवाज माळावरून नाहीसा होई. सुदक्षाला त्याने पावसाळ्याच्या आधी आणले. सुवर्चलेने त्याला एकच प्रश्न विचारला. प्रश्न काय होता ते कोणाला कळले नाही, आणि चंडकेतू त्याचे उत्तर देऊ शकला नाही, म्हणून तो कितीतरी वेळ दारात उभा राहिला. काही बायकांनी त्याला पाणी दिले. काहींनी उन्हात तिष्ठत ठेवले. एकीने दार उघडलेच नाही, तेव्हा तो हाडे मांडीवर घेऊन ओट्याखाली पावसात भिजत बसला. असे त्याने सर्व माळ वेचला. कोणी त्याला मारले नाही आणि कोणी त्याच्याशी बोलले नाही, प्रश्न सोडून.

शेवटचे ओझे पोचवून तो परत माळावर गेला, कारण दुसरीकडे त्याला घर राहिले नव्हते, आणि तिथेच पडून मेला. त्याला अग्नी देऊ नये, असे न्यायात कुठेही म्हटलेले नव्हते. शत्रूलाही अग्नी द्यावा, असेच त्या राज्याचे शास्त्र होते, आणि राजाने तशी दवंडीही पिटवली. पण कोणी गेले नाही.

कोल्ह्यांनी आणि घारींनी जे सोडले ते तिथेच राहिले. ते वेचायला माळावर कोणी उतरले नाही.